मठारलेल्या घागरीसाठी आरशाचा गोळा: एका छोट्या स्टुडिओचं प्रकरण

## पार्श्वभूमी

पुण्यातल्या तीन माणसांच्या एका थ्रीडी स्टुडिओकडे तांब्याची भांडी विकणाऱ्या एका व्यावसायिकाचं काम आलं. घागर, हंडा, बंब, तांब्या अशी सगळी मालिका जुन्या वाड्याच्या चौकात मांडलेली दाखवायची होती. पण त्यातली बहुतेक भांडी अजून घडायचीच होती. हाताशी होती ती नमुन्याची एकच घागर, कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकलेली. बाकीची भांडी संगणकावर घडवून वाड्याच्या फोटोत बसवायची असं ठरलं. वाडा साताऱ्याकडचा. मालकांनी एकच सकाळ दिली होती, दुपारी बाराच्या आत सगळं आवरून बाहेर पडायचं होतं.

वस्तू फोटोत मागाहून बसवायची आणि ती खरी वाटायला हवी, तर तिथला प्रकाशही सोबत आणावा लागतो. कुठल्या दिशेनं किती उजेड येतो, त्याचा रंग काय, सावलीतल्या भिंतीवरून किती उजेड परततो, हे सगळं. त्यासाठी जागेवर आरशासारखा गोळा ठेवून त्याचा फोटो काढण्याची पद्धत जुनी आहे. जीन मिलर आणि रॉबर्ट हॉफमन यांनी १९८४ मध्ये ती मांडली. १९९८ मध्ये पॉल डेबेव्हेक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजेड आत घेऊन काढलेले, फोटो जोडून तयार केलेली एचडीआर प्रतिमाच (जिच्यात गडद सावली आणि प्रखर उजेड दोन्ही नोंदलेले असतात) थेट प्रकाशस्रोत म्हणून वापरून दाखवली. पुढे क्रोमचा आणि करड्या रंगाचा असे दोन गोळे व्हीएफएक्सच्या (सिनेमातल्या संगणकी दृश्यांच्या) सेटवर नेहमीचे झाले.

या कामाच्या नोंदी, चाचण्या आणि रेंडर (थ्रीडी दृश्यातून संगणकानं काढलेली चित्रं) मी जवळून पाहिले आहेत. नावं गाळली आहेत, बाकी क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.

## अडचण

तांबं मठारलेलं नसतं तर हे प्रकरण लिहिण्याची गरज पडली नसती. मठारकामात हातोडीचा प्रत्येक ठोका पत्र्यावर आपला ठसा सोडतो, आणि घासूनपुसून लख्ख केलेल्या घागरीवर असे शेकडो ठसे ओळीनं बसलेले असतात. प्रत्येक ठशात आख्खा चौक दिसतो: वरचं आभाळ, ओसरीचे खांब, उजेडाचं दार. घागर जराशी फिरवली की हे सगळे ठिपके एकदम सरकतात. तांब्याची ती चमक म्हणजे या प्रतिबिंबांच्या कडाच. त्या मऊ पडल्या तर भांडं तांब्याचं न वाटता रंग दिलेल्या प्लॅस्टिकचं वाटतं.

स्टुडिओकडे आधीपासून एक गोळा होता. जिन्याच्या रेलिंगवर खांबाच्या टोकाला लावतात तो स्टेनलेस स्टीलचा पोकळ गोळा, १०० मिलिमीटर व्यासाचा. फर्निचर आणि सोफ्यांच्या कामात त्यानं कधी त्रास दिला नव्हता. गच्चीवर त्याचा फोटो काढला, एचडीआर बनवली, थ्रीडी घागर त्या उजेडात ठेवली, तर ती धुरकट दिसली. खरी घागर शेजारी ठेवून काढलेला फोटो कितीतरी जास्त बोलका होता.

पहिला संशय मटेरियलवर, म्हणजे थ्रीडीतल्या तांब्याच्या पृष्ठभागाच्या मांडणीवर, गेला, आणि तसं होणं स्वाभाविकच आहे. रेंडर बघणारीनं तांब्याचा खरखरीतपणा कमी केला, ठशांची खोली वाढवली, रंग बदलून पाहिला. घागर जास्त झळाळली, पण खरी वाटेना. मग कंपोझिटरनं, म्हणजे थ्रीडी चित्र फोटोत मिसळणाऱ्यानं, सुचवलं की मटेरियल तसंच ठेवायचं आणि फक्त गच्चीची एचडीआर काढून तिच्या जागी आधी विकत घेतलेली, फिशआय (खूप रुंद कोनाच्या) लेन्सनं टिपलेली एक एचडीआर लावायची. लावल्याबरोबर तांबं जागं झालं. म्हणजे दोष मटेरियलमध्ये नव्हता, गोळ्यात होता. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास. एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणून उत्तर सरळ मिळालं.

गोळा जवळून पाहिल्यावर दोन गोष्टी सापडल्या. दोन अर्धगोल जोडताना केलेल्या वेल्डिंगची शिवण घासून सपाट केली होती, तरी तिथे प्रतिबिंब किंचित मोडत होतं. आणि सगळ्या पृष्ठभागावर बफिंगच्या (चाकावर घासून चमकवण्याच्या) बारीक गोल रेघा होत्या. नुसत्या डोळ्यांनी गोळा आरशासारखाच दिसे. पण अंधाऱ्या खोलीत समोर मोबाइलचा टॉर्च लावून चार सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तेव्हा टॉर्चभोवती धुक्याचं मोठं वलय उमटलं आणि गोळ्याचा काळा भागही करडा पडला.

एचडीआरच्या कामात हे घातक असतं. साध्या फोटोत असा पसरलेला उजेड लक्षातही येत नाही. पण सावलीतले बारकावे मिळावेत म्हणून लांब एक्स्पोजर घेतलं की बाहेरच्या आभाळाचा उजेड त्या रेघांवरून विखुरतो आणि ओसरीच्या अंधारावर पसरतो. वाड्यात नेमकी हीच परिस्थिती असणार होती: वर उघडा चौक, आत काळोख्या खोल्या.

## कोणते पर्याय होते

गोळाच हवा का, यापासून चर्चा सुरू झाली. फिशआय लेन्स आणि पॅनोरमा हेड (चहूबाजूंचे फोटो जोडता यावेत म्हणून कॅमेरा एकाच बिंदूभोवती फिरवणारी बैठक) हा दर्जाच्या बाबतीत सर्वांत वरचा पर्याय होता. मधे आरसाच नसल्यामुळे आरशाचे दोषही नाहीत. पण प्रत्येक जागी तीन-चार दिशांना फिरून प्रत्येक दिशेचे सात-आठ फोटो काढायचे, तेही सकाळचं ऊन भराभर सरकत असताना. भांडी मांडायच्या जागा पाच होत्या. वेळेचा हिशेब बसेना.

३६० अंशांचा कॅमेरा भाड्यानं मिळत होता. रिको थीटा झेड-वनसारख्या कॅमेऱ्यात एक इंची दोन सेन्सर असतात आणि ६,७२० पिक्सेल रुंदीची प्रतिमा मिळते. वेगाला तोड नाही. पण फोटोग्राफरचा आक्षेप रंगाचा होता. वाड्याचे मूळ फोटो एका कॅमेऱ्यानं आणि उजेडाचे दुसऱ्या कॅमेऱ्यानं काढले, तर दोन सेन्सरांचे रंग जुळवत बसावं लागणार, आणि तांब्यात लालसर-केशरी छटेतला थोडा फरकही खटकतो. गोळ्याचा फोटो त्याच कॅमेऱ्यानं निघतो. हा मुद्दा सगळ्यांना पटला आणि गोळाच ठरला.

मग कुठला गोळा?

नाताळच्या सजावटीतला काचेचा गोळा हलका आणि स्वस्त. पण त्याचा चांदीसारखा मुलामा काचेच्या आतल्या बाजूला असतो. उजेड आधी काचेच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडासा, साधारण चार टक्के, परततो आणि मग आतून बराचसा परततो. त्यामुळे प्रखर दिव्याशेजारी त्याचीच फिकी दुसरी प्रतिमा दिसते. शिवाय फुंकून केलेली काच मानेजवळ गोल राहत नाही. ॲक्रिलिकचे अर्धगोल आरसे पाहिले, ते पुसतानाच ओरखडले. बागेत ठेवायचे मोठे पोकळ स्टीलचे गोळे सुरेख दिसतात, पण शिवण आणि पॉलिश यांचा प्रश्न तिथेही तोच.

राहिला बेअरिंगचा भरीव गोळा. ईएन-३१ या क्रोम स्टीलचा, शिवण नसलेला, ग्राइंडिंग आणि लॅपिंग (अगदी बारीक घासकाम) करून आणलेला. जी-१०० या अचूकतेच्या श्रेणीचा गोळाही गोलाईत फार तर अडीच मायक्रॉन चुकतो. फोटोसाठी एवढ्या अचूकतेची गरज नसते, पण ती आपोआप मिळते. खरा फायदा पृष्ठभागाचा होता.

## आकाराचा निर्णय

इथे स्टुडिओत मतभेद झाले आणि ते ऐकण्यासारखे होते. कंपोझिटरचं म्हणणं, गोळा मोठा तेवढे बारकावे जास्त. फोटोग्राफरनं ते खोडून काढलं. बारकावे गोळ्याच्या व्यासावर ठरत नाहीत, फ्रेममध्ये गोळा किती पिक्सेल व्यापतो यावर ठरतात. लहान गोळ्यानं जवळून फ्रेम भरली काय आणि मोठ्यानं लांबून भरली काय, पिक्सेल तेवढेच.

हिशेब असा. गोळ्याचा फोटो पुरेशा अंतरावरून काढला तर त्यावरचं प्रत्येक पिक्सेल परिसराचा जवळजवळ सारखाच तुकडा दाखवतं, फक्त कडेला तो तुकडा एका दिशेनं दाबलेला आणि दुसऱ्या दिशेनं ताणलेला असतो. त्यावरून काढलं तर गोळ्याचा व्यास जितके पिक्सेल, त्याच्या साधारण दीडपट रुंदीच्या पॅनोरमाइतका तपशील हाती येतो. त्यांच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फ्रेमची उंची ४,००० पिक्सेल. गोळ्यानं त्यातले ३,२०० व्यापले की सुमारे ५,००० पिक्सेल रुंद पॅनोरमा. मठारलेल्या घागरीला हे पुरेसं होतं.

तरीही आकाराला अर्थ आहे, पण तो वेगळ्या कारणांसाठी. लहान गोळ्यावर धुळीचा एकच कण आभाळाचा मोठा तुकडा खातो. लहान गोळ्यासाठी कॅमेरा जवळ आणावा लागतो, मग ट्रायपॉडचं आणि माणसाचं प्रतिबिंबही मोठं पडतं. उलट भरीव गोळ्याचं वजन व्यासाबरोबर भराभर वाढतं: ५० मिलिमीटरचा अर्धा किलो, ७५ चा पावणेदोन किलोंच्या आसपास, १०० चा चार किलोंच्या वर. स्टँडच्या टोकावर चार किलोंचं लोखंड, तेही कुणाच्या तरी जुन्या वाड्याच्या फरशीवर, ही जोखीम कुणालाच नको होती. ७५ मिलिमीटर पक्का झाला. २०० मिलिमीटर लेन्सवर तो सुमारे दीड मीटरवरून फ्रेम भरत होता. एवढ्या अंतरावर गोळ्यामागे लपणारा भाग जेमतेम तीन अंशांचा राहतो.

## गोळा मिळवणं आणि बसवणं

गोळा भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून मिळाला. रेंडर बघणारीनं तो हातात घेऊन उजेडाकडे धरला तसे तिथले काका म्हणाले, "ताई, उघड्या हातानं धरू नका. घामाचा ठसा राहिला की तिथंच गंज धरतो." त्यांनी गोळा तेलाच्या कागदात गुंडाळून दिला. ईएन-३१ मध्ये क्रोमियम असतं, पण स्टेनलेस म्हणावं इतकं नसतं.

दुकानातच त्यांनी टॉर्चची चाचणी घेतली. तीन गोळ्यांपैकी एकाभोवती वलय दिसलं, दोघांभोवती जवळजवळ नाही. वर्तमानपत्राच्या छोट्या बातमीचं प्रतिबिंबही कडेपर्यंत वाचता येत होतं. अशी चाचणी दुकानातच घ्यावी, घरी आणून नव्हे, असं मला आग्रहानं सांगावंसं वाटतं. एकाच पेटीतल्या गोळ्यांत फरक निघतो.

बसवण्याचा प्रश्न उरला. कडक केलेल्या पोलादाला साधं ड्रिल लागत नाही आणि वेल्डिंगच्या आचेनं पॉलिश जातं. पण ईएन-३१ ला चुंबक धरतो. लाइट स्टँडच्या टोकावर वाटीसारखी बैठक करून तिच्यात निओडायमियमचं कडं बसवलं. गोळा घट्ट बसला आणि बोट न लावता, कापडातून धरून, फिरवताही येऊ लागला.

## वाड्यातली सकाळ

पाचही जागी एकच शिस्त. भांडं जिथे बसणार तिथेच, भांड्याच्या मध्याच्या उंचीवर गोळा. कॅमेऱ्यात रॉ फाइल, एफ-११, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हातानं ठरवलेले. १/४००० सेकंदापासून ४ सेकंदांपर्यंत दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आठ फोटो.

फोकसकडे लक्ष द्यावं लागलं. परिसर लांब असला तरी बहिर्गोल आरशातली त्याची प्रतिमा त्रिज्येच्या निम्म्या खोलीवर बनते, म्हणजे या गोळ्यात पुढच्या पृष्ठभागाच्या १९ मिलिमीटर आत. ऑटोफोकस गोळ्याच्या कडेला किंवा धुळीला पकडत होता. फोटोग्राफरनं स्क्रीनवर मोठं करून ओसरीच्या खांबाच्या प्रतिबिंबावर फोकस लावला आणि लेन्सच्या रिंगला टेप मारली.

दुसरा निर्णय कोनांचा. एका बाजूनं काढलेल्या फोटोत दोन दोष असतात: बरोबर मधे कॅमेरा दिसतो, आणि गोळ्यामागचा परिसर कडेच्या बारीक वर्तुळात चेपला जातो. गोळ्याच्या दिसणाऱ्या त्रिज्येच्या ७१ टक्क्यांपर्यंत कॅमेऱ्याकडचा अर्धा परिसर मावतो, मागचा सगळा अर्धा त्यापलीकडच्या कड्यात. सहज सुचतं ते म्हणजे दुसरा फोटो बरोबर समोरून घ्यावा. पण तसं केलं तर पहिल्या फोटोतला कॅमेरा दुसऱ्याच्या नेमक्या चेपलेल्या भागात येतो आणि कुठल्याच फोटोत ती दिशा स्वच्छ मिळत नाही. म्हणून ९० अंश फिरून दुसरा संच घेतला. एकाचा खराब भाग दुसऱ्याच्या चांगल्या भागात पडला.

ऊन हा तिसरा प्रश्न. चौकात दहाच्या सुमारास सरळ ऊन उतरलं आणि १/४००० सेकंदालाही सूर्य पांढराफटक जळला. अशा एचडीआरमध्ये सूर्याची खरी ताकद नोंदलीच जात नाही, आणि रेंडरमधल्या सावल्या मऊ पडतात. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावून आणखी फोटो घेता आले असते, पण फिल्टर लावताना कॅमेरा हलण्याची भीती होती. त्यांनी करड्या कार्डाचा आधार घेतला. कार्ड एकदा उन्हात आणि एकदा सावलीत धरून फोटो काढले. दोन्हींतल्या फरकावरून उन्हाची ताकद काढली, एचडीआरमधला जळलेला सूर्य पुसला आणि त्या जागी थ्रीडीत वेगळा सूर्य लावला.

तेच कार्ड गोळ्याशेजारी धरून, कार्ड आणि त्याचं प्रतिबिंब एकाच फ्रेममध्ये टिपलं. गोळा आलेल्या उजेडापैकी साधारण ६० टक्केच परतवतो आणि निळ्यात किंचित कमी, हे त्यातून कळलं. म्हणजे पाऊण स्टॉपची तूट. ही भरून काढली नाही तर प्रत्येक रेंडर काळवंडतं आणि मग जो तो आपल्या डोळ्यानं दिवे वाढवत बसतो.

## निकाल

दोन्ही संच पॅनोरमात उलगडून जोडले. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये गोळ्याचा फोटो न उलगडताही थेट लावता येतो, 'मिरर बॉल' नावाचा पर्याय तिथे असतोच, आणि झटपट पडताळणीसाठी त्यांनी तोच वापरला. थ्रीडीतला चकचकीत गोळा खऱ्या गोळ्याच्या फोटोशेजारी ठेवला, मग थ्रीडीतली घागर खऱ्या घागरीशेजारी. घागरीच्या खांद्यावरच्या ठशांमध्ये आभाळाचे तुकडे आणि त्यांना छेदणारी खांबांची काळी रेघ दोन्हीकडे सारखी आली. व्यावसायिकाला सहा चित्रं दाखवली, त्यात एक खऱ्या घागरीचा फोटो होता. त्याला तो वेगळा काढता आला नाही.

कमी पडलं ते घागरीच्या पोटाखाली. खऱ्या घागरीच्या बुडाशी फरशीचा ऊबदार उजेड चढलेला होता, थ्रीडीत तिथे चुंबकाच्या बैठकीची आणि स्टँडची काळी सावली. गोळ्याचा खालचा भाग स्टँड झाकणारच. शिवाय एचडीआर सगळा परिसर अनंत अंतरावर असल्यासारखा धरते, आणि फरशी तर भांड्याला टेकलेली असते. चौकाची साधी चौकट थ्रीडीत उभी करून तिच्यावर एचडीआर प्रक्षेपित केली, फरशीला फोटोतलाच पोत दिला, तेव्हा बूड सुधारलं. यात अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ गेला.

## वेगळं काय करता आलं असतं

करडा मॅट गोळा सोबत न्यायला हवा होता. कार्ड एकाच दिशेचा उजेड सांगतं. करड्या गोळ्यावर उन्हाची दिशा, सावलीची कड आणि सावली उजळणारा भरणीचा उजेड एका फोटोत दिसतो, आणि रेंडरशी तुलना करायला त्याहून सोपं साधन नाही. वेळही मिनिटभराचाच लागला असता.

फरशीचे, स्टँड काढून, वरून घेतलेले दोन-तीन ब्रॅकेट केलेले (वेगवेगळ्या एक्स्पोजरचे) फोटो असते तर बुडाचं काम निम्म्यानं हलकं झालं असतं.

रेलिंगचा गोळा टाकून देण्याजोगा होता, असं मात्र मला वाटत नाही. कापड, लाकूड, भिंतीचा रंग अशा मॅट वस्तूंना उजेड सगळीकडून एकत्र होऊन मिळतो. बफिंगच्या रेघांनी त्यात फार बिघडत नाही. सोफ्यांच्या कामात तो म्हणूनच कधी उघडा पडला नाही. स्टुडिओनं तो मॅट कामांसाठी ठेवला आहे.

बेअरिंगच्या गोळ्याचं पुढे नुकसान झालं. काम संपल्यावर तो तेल न लावता कपाटात ठेवला गेला, आणि पावसाळ्यात त्यावर गंजाचे चार-पाच ठिपके आले. टाचणीच्या टोकाएवढे, पण प्रत्येक ठिपका एचडीआरमध्ये आभाळावर काळा डाग म्हणून उमटतो. पॉलिश करून ते घालवता येतात, मात्र हाताच्या पॉलिशनं पुन्हा त्याच रेघा यायची शक्यता. दुसरा गोळा घेताना त्यांनी ४४०-सी या स्टेनलेस पोलादाचा मागवला. तोही कडक असतो, त्यालाही चुंबक धरतो, म्हणून जुनी बैठक तशीच चालली. हवेतल्या ओलीला तो बराच टिकतो, तरी तेलाचा हात आणि सुती मोजे आता पेटीतच ठेवलेले असतात.